यादीत नाव कुठे आहे? एका एक्केचाळीस ओळींच्या मजकुराचे वाचन

आज समीक्षेसाठी आम्ही पुस्तक आणलेले नाही. एक यादी आणली आहे. एक्केचाळीस ओळी, चार रकाने. लेखकाचे नाव नाही, प्रस्तावना नाही. पण आम्ही आयुष्यभर जे मजकूर वाचले आणि वर्गात शिकवले, त्यांच्याइतक्याच काळजीने ही यादी वाचावी लागली. पहिल्या वाचनात आम्ही तिचा अर्थ चुकीचा लावला, तेही आज कबूल करायचे आहे.

यादी हातात कशी आली ते आधी सांगतो. पूर्व उपनगरातल्या एका वाचनालयाच्या समितीवर आम्ही आहोत. वाचनालयाचे नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची थोडी फजिती आहे. सभासदांची जाडजूड वही बंद करून सगळ्या नोंदी संगणकावर घेतल्या गेल्या. वार्षिक सभेच्या आधी आडनावांप्रमाणे लावलेली यादी छापून फलकावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी क्षीरसागर आडनावाचे एक ज्येष्ठ सभासद आमच्याकडे आले. वय आमच्याहून चार-पाच वर्षांनी जास्तच. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, माझं सभासदत्व रद्द झालं का हो? वर्गणी तर जूनमध्येच भरलीय. पावती दाखवू?" खिशातून पावती निघालीसुद्धा.

आम्ही फलकापाशी गेलो. वहीत त्यांचे नाव तीस वर्षे शेवटच्या पानावर असे. ह संपला, ळ संपला, मग क्ष, मग ज्ञ. म्हणून ते थेट शेवटच्या पानाकडे गेले होते आणि तिथे ते नव्हते. नाव होते दुसऱ्या पानावर, कोल्हटकर आणि खरे यांच्या मधोमध. आपल्याच वाचनालयातून आपल्याला काढले, असे समजून त्या माणसाने रात्र काढली होती. ही गोष्ट हसण्यावारी नेता येईल. आम्हाला नेता आली नाही.

त्याच यादीत आणखीही होते. काळे आधी आणि कासार नंतर. मुळे आधी आणि मुसळे नंतर. शाळेत 'य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ' घोकलेल्या माणसाला हे लगेच खटकते. ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणजे कासार आधी आणि काळे नंतर. इथे बरोबर उलटे झाले होते.

संगणकाचे काम बघणारी मुलगी घाटकोपरला राहते, नोकरी करते आणि शनिवारी विनामूल्य येते. आम्ही तिला जरा रागानेच विचारले, "अगं, ही बाराखडी कोणाची?" ती म्हणाली, "सर, मी नाही लावलेली. डेटाबेसने लावलीय. थांबा, त्यालाच विचारू त्याला कोणकोणती अक्षरं येतात ते." तिने तीन शब्दांची आज्ञा टाइप केली: शो कॅरॅक्टर सेट. पडद्यावर एक्केचाळीस ओळी उमटल्या. हीच ती यादी.

तिच्याकडे वळण्याआधी थोडे थांबू या, कारण डेटाबेसला स्वतःबद्दल प्रश्न विचारता येतो ही साधी गोष्ट नाही. एडगर कॉड नावाचा इंग्रज गणिती आयबीएममध्ये काम करत होता. १९७० साली त्याने एक निबंध लिहून रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. तक्ता म्हणजे गणितातला संबंध, आणि संबंध म्हणजे संच. संचाला क्रम नसतो. म्हणजे वाचनालयाच्या तक्त्यात कासार आधी की काळे आधी, हा प्रश्नच संभवत नाही. क्रम हा विचारणाऱ्याने विचारताना मागायचा असतो. आमची जुनी वही याच्या नेमकी उलट होती, तिथे नोंद आणि तिची जागा वेगळी काढताच येत नसे.

पुढे १९८५ मध्ये कॉडने खऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या कसोट्या सांगितल्या. त्यांतली एक अशी, की डेटाबेसने स्वतःविषयीची माहितीसुद्धा तक्त्यांतच ठेवावी आणि इतर माहितीला लावतो त्याच भाषेत ती विचारता यावी. तुम्ही सभासदांची यादी मागता, तशीच त्याला ठाऊक असलेल्या वर्णसंचांची यादीही मागता येते. वर्णसंच म्हणजे कॅरॅक्टर सेट: कोणत्या चिन्हाला कोणता आकडा, याचा कोष्टकवजा करार. यंत्र अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवते. कोणत्या करारानुसार ठेवला, हे विसरले की अक्षर गेले.

आता यादी. डेटाबेस मायएसक्यूएल, आवृत्ती आठ. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वर्णन, तिसऱ्यात ठरीव क्रमनियम, चौथ्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त किती बाइट लागतात तो आकडा. सुरुवात आर्मेनियनने होते. मग पश्चिम युरोपचे, मध्य युरोपचे, रशियन, युक्रेनियन. ग्रीक आहे, हिब्रू आहे, अरबी आहे. जॉर्जियन आहे. चिनीचे चार, जपानीचे चार, कोरियनचा एक. थाई आहे. स्वीडिशचा सात बिटांचा एक जुना संचही आहे, आता तो कोण वापरत असेल देव जाणे.

आणि भारतीय लिपी? एकही नाही. देवनागरी नाही, तमिळ नाही, बंगाली नाही.

आम्ही मुलीला म्हणालो, "बघ. थायलंडची लिपी आपल्या ब्राह्मीच्याच कुळातली. तिला ओळ मिळाली आणि आपल्याला नाही." आवाज चढला असावा, कारण वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. घरी येऊन आम्ही या विषयावर तावातावाने दोन पाने लिहून काढली. ती पाने आता फाडली आहेत. का फाडली, हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

आपल्याकडच्या भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळते. पण त्यांनी एक अट घातली: ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला किंमत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. आमच्या एमएच्या वर्गांत हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो. मराठी या यादीत दिसत नाही, हे खरे. पण मराठी असती तर ती *या* यादीत दिसली असती का?

नसती दिसली. ही भाषांची यादी नाही, सांकेतिक करारांची आहे. आर्मेनियन, थाई, ग्रीक यांच्या ओळी आहेत, कारण त्यांचे जुने आठ बिटांचे करार वापरात होते आणि त्यांत साठवलेला मजकूर वाचता यायला हवा होता. आपलाही तसा करार होता. इस्की त्याचे नाव. भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१. तोही या यादीत नाही. पण खरे सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी इस्कीत साठवलेला मजकूर पाहिला आहे? आपल्याकडे छापखाने, वर्तमानपत्रे, कचेऱ्या चालल्या त्या श्री-लिपीसारख्या आज्ञावल्यांवर. प्रत्येकीची सांकेतिक मांडणी निराळी, फॉन्टला बांधलेली. डेटाबेसच्या दृष्टीने ती सगळी रोमन अक्षरांची निरर्थक जंत्री होती, फक्त पडद्यावर मराठी वेशात. फॉन्ट बदलला की वेश उतरे. उपनगरातल्या कितीतरी सोसायट्यांच्या आणि शाळांच्या जुन्या फायली आजही तशाच पडून आहेत, उघडल्या तर अगम्य.

शिवाय देवनागरी या यादीत आहेच, फक्त तिचे नाव कुठे लिहिलेले नाही. शेवटच्या ओळींत युनिकोडचे संच आहेत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरून घेतलेला. एकशे अठ्ठावीस जागांचा गट. थाईही त्यातच आहे, आर्मेनियनही. थोडक्यात, सगळ्यांना सामावणाऱ्या ओळीत आपणही आहोत. घराच्या दारावर पाटी नाही म्हणून घर नाही असे होत नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता त्या युनिकोडच्या ओळींपैकी दोन बघा, कारण इथे चौथा रकाना बोलू लागतो. एका ओळीचे नाव यूटीएफ-८ एमबी-३, दुसरीचे एमबी-४. पहिल्यापुढे तीनचा आकडा आहे, दुसऱ्यापुढे चारचा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'सुलभा' हे नाव घ्या. आपल्या कानाला तीन अक्षरे. यंत्राला पाच चिन्हे, कारण उकार आणि काना ही त्याच्या लेखी वेगळी चिन्हे आहेत. बाइट पंधरा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरे, यंत्राला दहा चिन्हे, तीस बाइट. अर्जातल्या रकान्यात दहा चिन्हांची मर्यादा असेल तर ज्ञानेश्वर जेमतेम मावतो, आणि ज्ञानेश्वरी मावत नाही. वर्ण हे अंतिम घटक की पद हे अखंड, या वादात मीमांसक आणि भर्तृहरी यांनी पिढ्या घालवल्या. यंत्राने तो वाद कोणालाही न विचारता, दोघांच्याही बाजूने न जाता मिटवून टाकला आहे.

तर तीन बाइटांत देवनागरी बसते. मग चौथा बाइट कोणासाठी? लोक सांगतात, इमोजींसाठी. खरे आहे. पण आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, आणि ती वरच्या मजल्यावर, जिथे चार बाइटांशिवाय पोहोचता येत नाही. मराठीचे दप्तर ज्या लिपीत शतकानुशतके लिहिले गेले, ती लिपी तीन बाइटांच्या संचात साठवताच येत नाही. एखाद्या संस्थेने जुना संच ठेवून मोडी कागदांची सूची मोडीतच करायची ठरवली, तर प्रयत्न पहिल्याच अक्षराला अडेल. यादीतल्या दोन शेजारच्या ओळींत हा फरक आहे, आणि तो एका आकड्यात लिहिलेला आहे.

इथपर्यंत आमची तक्रार विरघळली होती. देवनागरी आहे. मोडीही आहे. मग क्षीरसागरांचे नाव हरवले कसे?

त्याचे उत्तर तिसऱ्या रकान्यात होते आणि आम्ही त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. क्रमनियम. इंग्रजीत कोलेशन. वर्णसंच सांगतो की कोणती चिन्हे आहेत. क्रमनियम सांगतो की कोणते आधी, कोणते नंतर आणि कोणती दोन एकच समजायची. डेटाबेसने वर्णसंचाची आणि क्रमनियमाची अशी दोन खाती केली, ही तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार समंजस गोष्ट आहे. असणे एक, आणि मांडणी दुसरी. पाणिनीच्या परंपरेतली चौदा माहेश्वर सूत्रे आठवा. त्या वर्णमालेचा क्रम आपल्या नेहमीच्या क्रमाहून वेगळा आहे, आणि ह तिच्यात दोनदा येतो. ती चूक नव्हे. पुढची प्रत्याहारांची सगळी व्यवस्था त्या क्रमावर उभी आहे. क्रम हा सजावटीचा भाग नसतो.

मुलीने मग दुसरी आज्ञा दिली: शो कोलेशन. ही यादी बरीच लांब. आणि ही मात्र भाषांनुसार आहे. एमबी-४ या एकाच संचाखाली जर्मनसाठी वेगळा क्रम, आइसलँडिकसाठी वेगळा, तुर्कीसाठी वेगळा. व्हिएतनामी, जपानी, हंगेरियन. लॅटिन आहे. एस्पेरांतो आहे. पहिली आज कोणाची मातृभाषा नाही, दुसरी एका माणसाने घडवलेली.

मराठी नाही. हिंदी नाही. कोणतीही भारतीय भाषा नाही.

ही अनुपलब्धी योग्य आहे. मराठी असती तर इथेच दिसली असती, कारण ही यादी भाषांच्या क्रमांचीच आहे. म्हणजे आमची पहिली तक्रार चुकीच्या दारावर टकटक करत होती; दार शेजारचे होते.

या यादीत एक ओळ आम्हाला विशेष वाचनीय वाटली. मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मले. म्हणून त्याचा ठरीव क्रमनियम कितीतरी वर्षे स्वीडिश होता. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा तो बदलला. स्वीडिश वर्णमालेत झेडनंतर तीन अक्षरे येतात: डोक्यावर वर्तुळ असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. परक्या माणसाला ती ए आणि ओ यांचीच रूपे वाटतात. स्वीडिश माणसाला नाही. त्याच्यासाठी ती स्वतंत्र अक्षरे आहेत आणि त्यांची जागा शेवटी आहे. यंत्राने हे मानले, आणि जगभर मानायला लावले. मुलुंडच्या एखाद्या कारखान्यातल्या इंग्रजी नावांच्या याद्या वर्षानुवर्षे स्वीडिश नियमाने लागत होत्या आणि कोणाला पत्ताही नव्हता.

आता आपल्याकडे बघा. ह नंतर तीन: ळ, क्ष, ज्ञ. परक्या माणसाला ळ हा ल चा भाऊ वाटतो, क्ष हा क आणि ष यांचा जोड वाटतो. आपल्याला नाही. आपणही त्यांना शेवटी जागा दिली. गोष्ट तीच, फक्त त्यांची यंत्रात आहे आणि आपली नाही. स्वीडनमध्ये क्षीरसागरांसारखे आजोबा असते, तर त्यांना त्यांचे नाव शेवटच्या पानावर सापडले असते.

ळ ल च्या शेजारी का गेला, याचेही कारण आहे, आणि त्यात परकीयांचा दोष नाही. इस्की करणाऱ्यांनी ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच सामायिक मांडणी केली. क च्या जागी प्रत्येक लिपीचा क. त्या मांडणीत र च्या शेजारी ऱ, ल च्या शेजारी ळ आणि ऴ बसवले. युनिकोडने ते तसेच उचलले. हेतू उदात्त होता, आणि आम्हाला तो आजही पटतो. पण एक भारतीय क्रम बनवताना मराठीचा क्रम मोडला, आणि तो पुन्हा जोडायचे काम क्रमनियमावर सोडले गेले. हे काम ज्याचे त्याने करायचे होते.

क्रमाइतकाच गंभीर दुसरा भाग आहे, तो तादात्म्याचा. कोणत्या दोन गोष्टी एकच? 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. मराठी माणूस यांत गल्लत करत नाही. युनिकोडच्या लेखी मात्र ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता. आठव्या आवृत्तीचा ठरीव क्रमनियम ॲक्सेंटकडे दुर्लक्ष करतो आणि नुक्ता त्याच वर्गात पडतो. म्हणून त्याला विचारले, हे दोन शब्द समान आहेत का, तर तो म्हणतो, हो. दर्या शोधा, दऱ्या मिळतील. पुस्तकांची शीर्षके एकमेव असावीत असा नियम लावला आणि 'दर्या' नावाचे पुस्तक आधीच नोंदलेले असेल, तर 'दऱ्या' नावाचे पुस्तक घ्यायला तो नकार देतो.

आणि याच्या उलटही घडते. 'ॲडव्होकेट' हा शब्द. ॲ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांत लिहीत. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळे शब्द. जुन्या पद्धतीने नोंदलेले वकीलसाहेब नव्या पद्धतीच्या शोधात सापडत नाहीत. लायब्निट्झ म्हणत असे की ज्या दोन वस्तूंत कसलाच भेद दाखवता येत नाही, त्या दोन नसतातच. हे सूत्र आम्ही शिकवले तेव्हा उदाहरणे शोधावी लागत. आता वाचनालयाच्या कपाटात दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. आपल्याला दिसणारा भेद यंत्र पुसते, आणि आपल्याला न दिसणारा भेद ते पाळते.

(एका श्रोत्याने इथे विचारले, की मग शासन काय करते. प्रश्न रास्त आहे.)

शासनाने केले आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली. त्यात ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून घेतले, ळ ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ विशेष संयुक्त व्यंजने म्हणून शेवटी. स्वच्छ मजकूर आहे. १० नोव्हेंबर २०२२ ला त्याची सुधारित आवृत्ती आली. तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा कशाची झाली? ल पाकळीचा की दांड्याचा, श देठाचा की गाठीचा. अक्षराचे वळण महत्त्वाचे नाही असे आम्ही म्हणणार नाही. र. कृ. जोशींसारखा माणूस पवईला आयआयटीत शिकवत होता, नंतर जुहूला एनसीएसटीत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करत होता. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचा. आपल्या उपनगरांनी वळणाची बाजू सांभाळली, असे अभिमानाने म्हणता येईल. पण वळण हा फॉन्टचा प्रश्न आहे. ल कसाही काढा, त्याचा आकडा तोच. क्रम हा आकड्यांच्या पलीकडचा करार आहे, आणि त्यावर एक ओळही छापून आल्याचे आमच्या वाचनात नाही.

गंमत बघा. त्याच २०२२ सालच्या जुलैत मायएसक्यूएलच्या क्रमनियमांत नव्या भाषा आल्या. बल्गेरियन, बोस्नियन, मंगोलियन, गॅलिशियन. गॅलिशियन ही स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली भाषा. तिचे बोलणारे आमच्या उपनगर जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या निम्मेही नसतील. संख्येवरून हक्क ठरत नाही, म्हणून आम्ही त्यांच्याविषयी तक्रार करत नाही. आम्ही एवढेच दाखवतो, की यादी बंद झालेली नव्हती. दार उघडे होते, आणि आपण तेव्हा ल च्या पाकळीवर बोलत होतो.

जगातले सगळेच डेटाबेस असे नाहीत, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर समीक्षा एकांगी होईल. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस आहे. २०१७ पासून तो आयसीयू या खुल्या ग्रंथालयाचे क्रमनियम वापरू देतो, आणि त्याच्या यादीत मराठी तिच्या नावाने हजर आहे. मुलीने ती ओळ आम्हाला दाखवली. दोन रोमन अक्षरे, एम आणि आर. खरे सांगायचे तर बरे वाटले. पण वाचनालयाची सगळी आज्ञावली पहिल्या डेटाबेसवर बांधलेली, आणि ती बदलायला पैसे नाहीत.

म्हणून तिने तोडगा काढला. सभासदांच्या तक्त्यात एक जादा रकाना केला, जो पडद्यावर कोणाला दिसत नाही. आडनावातल्या ळ, क्ष आणि ज्ञ च्या जागी ती ह च्या पुढे सरकणारी खूण घालते आणि यादी त्या रकान्यावर लावते. दर्या-दऱ्यांसाठी तिने ॲक्सेंट पाळणारा क्रमनियम निवडला. तो यादीत आधीपासूनच होता, ठरीव नव्हता इतकेच. नवी यादी फलकावर लागली. क्षीरसागर शेवटच्या पानावर आले. त्यांनी बोटाने नाव दाखवून पाहिले आणि काही न बोलता वर्तमानपत्र घेऊन बसले.

गोष्ट इथे मिटायला हवी होती. पण आम्हाला वाटले, की हा छुपा रकाना प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक पतपेढीने का करत बसावे? यंत्राच्या कर्त्यांकडे रीतसर मागणी करू, मराठीचा क्रमनियम घाला म्हणून. मुलगी म्हणाली, "सर, मसुदा मी लिहिते. तुम्ही फक्त नियम द्या, उदाहरणांसकट. शंका राहता कामा नये." आम्ही, समितीवरचे एक निवृत्त ग्रंथपाल आणि मुलुंडच्या शाळेतल्या एक मराठीच्या बाई असे तिघे बसलो. ळ, क्ष, ज्ञ पाच मिनिटांत झाले. ॲ कुठे, तेही शासन निर्णयावरून झाले.

मग अनुस्वार आला. बाहेरगावच्या सभासदांची यादी गावांनुसार लावायची होती. बाई म्हणाल्या, अंधेरी आधी, अकोला नंतर; शब्दकोशात अनुस्वार पहिला येतो. ग्रंथपाल म्हणाले, अजिबात नाही. अंधेरीतला अनुस्वार म्हणजे न, तेव्हा ती अन्न आणि अन्य यांच्या आसपास हवी, अकोल्याच्या बरीच खाली. दोघांनीही कोश काढले, आणि दोन कोशांनी दोन उत्तरे दिली. आम्हाला निवाडा करायला सांगितले. आम्ही आधी एका बाजूने बोललो, मग 'संयम' आणि 'संवाद' या शब्दांत अनुस्वाराचा उच्चार कोणता धरायचा, या प्रश्नावर अडकलो.

मसुदा अजून गेलेला नाही. मुलगी दर शनिवारी विचारते, "सर, अंधेरीचं काय ठरलं?" पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, आणि ग्रंथपाल तिसरा कोश घेऊन येणार आहेत.